एक कोयता म्हणजे किती माणसे?

अंकगणितात एक आणि एक दोन होतात, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो; कोणी समजून, तर कोणी मास्तरांच्या छडीच्या धाकाने. परंतु आपल्याच महाराष्ट्रात एक हिशेब असा चालतो की, ज्यात एक आणि एक मिळून एकच होतो. हा हिशेब उसाच्या फडातला आहे. ऊस तोडायला आलेले नवरा-बायको, या दोघांना मिळून तेथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहीत चढतो तो कोयता, उचल मिळते ती कोयत्याला आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो तोही कोयत्याचाच. एखादा गडी एकटाच आला तर तो 'अर्धा कोयता'. त्यांच्याबरोबर जी पोरेबाळे येतात, त्यांच्यासाठी या वहीत रकानाच नाही.

दिवाळीच्या अंकात हा कोयता कोठून काढलात, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. आपल्या घरी चकलीचा सोऱ्या आणि करंजीचे कातणे माळ्यावरून खाली येते, नेमक्या त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या शेकडो खेड्यांत घरांना कुलपे लागत असतात. दसरा झाला की टोळ्या बांधल्या जातात आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून निघतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, बाजरीची पोती, चार कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली लेकरे. पुढच्या दिवाळीच्या करंज्यांना लागणारी साखर आणण्यासाठीच हा लवाजमा बाहेर पडलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

माझा धंदा आकडेमोडीचा. संशोधन करणाऱ्या संस्थांसाठी खेडोपाडी हिंडायचे, छापील प्रश्नावल्या भरून आणायच्या आणि मग कचेरीत बसून त्यांची कोष्टके मांडायची, यात माझी बरीच वर्षे गेली. या व्यवसायात कामाची वाटणी मोठी काटेकोर असते. ऊर्जेचा अभ्यास करणारे एका खोलीत, मजुरीचा करणारे दुसऱ्या, स्थलांतरवाले तिसऱ्या आणि शिक्षणवाले चौथ्या. एकाचे कोष्टक दुसऱ्याच्या टेबलावर सहसा जात नाही. परंतु ऊसतोडणी कामगाराची कोपी ही अशी जागा आहे की, तेथे दहा फुटांच्या आत हे चारही विषय एका चुलीभोवती बसलेले दिसतात. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

ऊस एक, उपयोग अनेक

ऊस म्हणजे साखर आणि गूळ, एवढेच आपल्या लहानपणी ठाऊक होते. आता तसे राहिलेले नाही. एक टन उसातून साधारणपणे १०० ते ११५ किलो साखर निघते. त्याखेरीज पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलसर चोथा उरतो, त्याला कारखान्यात 'बगॅस' म्हणतात. हा चोथा बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात, त्या वाफेवर वीज होते. त्या विजेवर कारखाना तर चालतोच, पण अनेक कारखाने उरलेली वीज सरकारी तारांत सोडून तिचे पैसेही घेतात. मळीपासून पूर्वी मद्यार्क होत असे. आता मळी आणि उसाचा रस या दोहोंपासून इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी ठरले होते. ते अलीकडे ओढून २०२५ सालीच गाठण्यात आले. त्यातले सगळेच इथेनॉल उसाचे नसते. मक्याचा वाटाही मोठा आहे. तरी उसाचे महत्त्व काही कमी होत नाही.

आता एक छोटेसे गणित करू. एक टन उसाच्या रसाचे सरळ इथेनॉल केले तर ते सुमारे ७० लिटर भरते. पाचास एक या प्रमाणात ते मिसळले की ३५० लिटर मिश्रण तयार होते. आपल्या स्कूटरची टाकी पाच लिटरची धरली, तर ७० वेळा टाकी भरेल. हा टनभर ऊस बुडख्यापासून तोडायचा, पाला सोलायचा, शेंडा छाटायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत चढवायच्या, या सगळ्याची मजुरी सध्याच्या करारात साडेतीनशेच्या वर आहे. म्हणजे एका टाकीमागे पाच रुपये. मीटर, वजनकाटा आणि प्रयोगशाळा यांनी सज्ज असलेल्या या उद्योगात उसाचा उतारा दशांशचिन्हानंतर दोन अंकांपर्यंत काढतात. १०.२५ आणि १०.४० यांतील फरकावरून संचालक मंडळाच्या सभेत वादळे उठतात. फक्त माणसे मोजायची वेळ आली की दोन माणसांचे एक होते.

संध्याकाळी कारखान्याकडे पाहावे तर तो आगबोटीसारखा झगमगत असतो. मी ज्या वस्तीवर बसून प्रश्नावल्या भरल्या, ती त्या कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर होती. चटई आणि पाचट यांच्या कोप्या, मध्ये चिंचोळी वाट, आणि दर कोपीपुढे तीन दगडांची चूल. त्या चुलीत पाचट आणि काटक्या जळत होत्या. वस्तीत विजेचा दिवा नव्हता. तरुण मुलांचे मोबाइल कारखान्यासमोरच्या पानाच्या टपरीवर पैसे देऊन भरून आणावे लागत. ज्या हातांनी तोडलेल्या उसाच्या चोथ्यातून वीज होत होती, त्या हातांना रात्री भाकरी थापायला चुलीच्या जाळाचाच उजेड होता. ऊर्जेच्या कोष्टकात कारखान्याने किती युनिटे विकली तो आकडा बिनचूक असतो. या चुलीला तेथे जागा नसते.

अर्थशास्त्रज्ञाचा कारखाना

या धंद्याचा आणि अर्थशास्त्राचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. घरोघर जाऊन, माणसांना विचारून आकडे गोळा करायचे, ही पद्धत गाडगीळांनी महाराष्ट्रात रुजवली. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, ही त्यांची कामे आमच्या व्यवसायात आजही आदराने काढून पाहिली जातात.

परंतु गाडगीळ केवळ पुस्तकी विद्वान नव्हते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. पण त्या उसाचा नफा खासगी कारखानदार आणि व्यापारी यांच्या पदरात पडे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील या फारसे न शिकलेल्या, पण व्यवहाराने पक्क्या शेतकऱ्याने आसपासच्या शेतकऱ्यांना एकत्र केले, गाडगीळ पुण्याहून येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५० साल संपता संपता प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे याच नमुन्यावर महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली, आणि त्यांच्या आधाराने शाळा, महाविद्यालये, दवाखाने, रस्ते झाले. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे दैन्य फिटले, ही गेल्या शतकातील लहान गोष्ट नव्हे.

सहकारात सभासद झाला तो उसाचा मालक. ऊस तोडणारा मात्र बाहेरचाच राहिला. तो दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या तालुक्यातला. त्याच्याशी कारखान्याचा थेट संबंधच नाही. मध्ये मुकादम. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला. तेव्हा या माणसांचा मालक कोण, असे विचारले तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

गाव का सोडायचे?

बीड जिल्ह्याचा नकाशा उघडला तर मधोमध बालाघाटची रांग दिसते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर हे तालुके, आणि पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, हा सगळा ऊसतोडणी कामगारांचा मुलूख. जमीन हलकी, मुरमाड. पाऊस कमी, आणि जो पडतो त्याचाही भरवसा नाही. खरिपाची बाजरी, तूर किंवा कापूस निघाला की शेतात काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात ही वाट अधिकच रुळली, असे जुनी माणसे सांगतात. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजनेने महाराष्ट्रातील लाखो माणसे जगवली आणि १९७७ साली तिचा कायदाही झाला. पण खडी फोडून आठवड्याला मिळणारी मजुरी आणि दसऱ्याला एकदम हातात पडणारी उचल, या दोहोंत फरक आहे. मुलीचे लग्न, घराचे पत्रे, आईचे दुखणे यांना एकरकमी पैसा लागतो. बँक तो देत नाही, मुकादम देतो.

पुढे १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने विभागवार विकासाचा अनुशेष मोजून दाखवला. सिंचनात मराठवाडा किती मागे आहे, ते त्या अहवालामुळे सरकारी कागदावर आले. पाण्याचा अनुशेष मोजला गेला. पाणी नाही म्हणून बाहेर पडणाऱ्या माणसांचा मोजायचा राहिला.

यावर कोणी म्हणेल, कोल्हापूर-सांगलीकडे मजूर मिळत नाहीत, म्हणून तर बाहेरून आणावे लागतात. वरकरणी ते खरे वाटते. १९७० च्या दशकात यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेत बारडोलीकडच्या ऊसतोडणीचा अभ्यास केला. तेथे तोडणीला जात होते ते बरेचसे आपल्या खानदेशातले लोक. त्याला दिसले ते असे की, बारडोलीत भूमिहीन हळपती मजूर कामावाचून बसलेले असतानाही कारखाने बाहेरचीच माणसे आणत. कारण उघड आहे. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो, त्याला सणवार असतो, सोयरे असतात. उचल घेऊन आलेला परका मजूर फडाच्या कडेलाच राहतो. रात्री दोन वाजता ट्रक आला तरी उठून तो भरतो. त्याला जायला दुसरी जागाच नसते. माणसे परकी असण्यातच कारखान्याची सोय असते.

उचलीचे त्रैराशिक

उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी. अलीकडे ती एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहूनही अधिक असते. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दर कामाच्या प्रकाराप्रमाणे थोडा कमीजास्त असतो; आपण सोयीसाठी टनाला ३६० रुपये धरू. धडधाकट जोडपे दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तर कोयत्याला ७२० रुपये झाले. ऐकायला बरे वाटते. पण कोयता दोन माणसांचा. तेव्हा भागिले दोन. माणशी ३६० रुपये. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बारा तास धरले तर तासाला ३० रुपये.

आता उचल फेडू. लाखाच्या उचलीला ७२० ने भागले तर १३९ दिवस येतात. पण १३९ दिवस रोज दोन टन तोडणार कोण? मध्ये ताप आहे, पाठ धरणे आहे, अवकाळी पाऊस आहे. ज्या दिवशी काम बुडते त्या दिवसाचा 'खाडा' धरतात, आणि बहुधा त्याचा दंडही कापून घेतात. शिवाय कारखान्याचा हंगाम चार-पाच महिने चालतोच असे नाही. २०२४-२५ साली तर फेब्रुवारी-मार्चमध्येच बऱ्याच कारखान्यांची धुराडी थंडावली. मग उरलेली फेड पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या दसऱ्याला तोच मुकादम, तीच वही. स्थलांतराच्या शास्त्रात 'माणूस अधिक मजुरी मिळेल तिकडे जातो' असे एक सूत्र आहे. येथे पुष्कळ माणसे मजुरी आधीच खर्चून, ती फेडण्यासाठी जात असतात.

भाकरीतले पाणी

त्या वस्तीवर मी एका बाईला छापील प्रश्नावलीतला प्रश्न विचारला.

"ताई, तुमची रोजची मजुरी किती पडते?"

"मजुरी कोयत्याला असती साहेब."

"ते खरे. पण त्यात तुमच्या वाट्याची किती?"

ती हसली आणि म्हणाली, "आता भाकरीत पीठ किती अन् पाणी किती, ते कसं येगळं करून सांगावं?"

तिचा दिवस मात्र मी तासांनुसार लिहून घेतला. पहाटे चारला उठणे, लांबच्या नळावरून दोन घागरी पाणी, भाकऱ्या, लेकराला दूध पाजणे. उजाडता उजाडता फड. नवरा ऊस तोडत पुढे जातो, ती मागून सोलते, गोळा करते, मोळ्या बांधते. ट्रक आला की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे. परत आल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा चूल, धुणे, आणि वाढ्याच्या पेंढ्या विकून चार पैसे सुटले तर तेवढेच. नवऱ्याचा दिवस बारा तासांचा असला तर तिचा सोळा-सतरा तासांचा होता. कोयत्यात मात्र दोघांचा वाटा सारखा धरला तरी पैसे येत ते नवऱ्याच्या हाती.

या न मोजलेल्या श्रमाची किंमत शरीराला मोजावी लागते. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढून टाकली जात आहेत, अशी ओरड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ १७. देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे; वयोगटाचा थोडा फरक धरला तरी अंतर डोळ्यांत भरते. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पोटात दुखते म्हणून बसले तर खाडा पडतो. आणि डॉक्टरने भीती घातली की पिशवी काढून टाकणेच बरे वाटू लागते. पण मला विशेष वाटते ते हे: हा आकडा मिळाला, तो बाईला बाई म्हणून मोजले तेव्हा. कोयते मोजून तो कधीच मिळाला नसता.

तिकडे चौथीत, इकडे कुठेच नाही

त्याच वस्तीवर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन माझ्या कागदांकडे पाहत उभा होता. ट्रॉलीत किती मोळ्या भरल्या आणि अजून किती बसतील, हे तो न चुकता सांगे. मी विचारले, "कितवीत आहेस?" तो म्हणाला, "तिकडं चौथीत. इकडं कुठंच न्हाई."

त्याच्या उत्तरात आपल्या शिक्षणखात्याची सगळी अडचण आली. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि कोयत्याचे दिवाळीत. पहिले सत्र संपते तेव्हा मूल ट्रॉलीत बसते आणि परत येते ते वार्षिक परीक्षेच्या सुमारास किंवा ती झाल्यावर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. पण हा हक्क मुलाबरोबर प्रवास करीत नाही. त्याचे नाव गावच्या पटावर राहते. कारखान्याच्या आवारात साखरशाळा असेल आणि त्याला तेथे घेतले, तर तेथील हजेरीपटावरही ते चढते. मग तो कागदावर दोन शाळांत शिकतो. आणि साखरशाळा नसेल तर एकाही शाळेत नाही.

यावर प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कित्येक कारखान्यांवर स्वयंसेवी संस्थांनी साखरशाळा चालवल्या. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना दाखवायचे शिक्षण हमी पत्रक आले. पण साखरशाळा कारखान्यावर, आणि कोप्या कधीकधी दहा मैल लांबच्या फडात. धाकट्या भावंडाला सांभाळणारे मूल शाळेत गेले तर आई कामावर कशी जाणार, हाही प्रश्न आहेच.

मुलींचे तर आणखी अवघड. बारा-तेरा वर्षांची मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, आणि उघड्यावरच्या कोपीत तरी कशी न्यायची? आईबाप लग्न करून मोकळे होतात. त्यात कोयत्याचे अंकगणित पुन्हा डोकावते. लग्न झाले की मुलगा अर्ध्या कोयत्याचा पुरा कोयता होतो आणि पुरी उचल मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना त्यांच्या लग्नाचे वय विचारले होते. महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे २२ जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली निघाली. एकट्या बीड जिल्ह्यात सुमारे ४४ जणींची. मुलीचे शिक्षण, तिचे लग्न आणि तोडणीची उचल ही तीन निराळ्या खात्यांची कामे आहेत, असे समजून वागल्याचा हा परिणाम आहे.

पाहणीत न सापडणारी माणसे

असे हे लोक आहेत तरी किती? कोणी आठ लाख सांगतो, कोणी बारा, कोणी पंधरा. एवढ्या मोठ्या समूहाच्या संख्येत दुपटीचा फरक पडावा, याचे कारण शोधणे हा आमच्या व्यवसायाचा भाग आहे, आणि कारणे मोठी मासलेवाईक आहेत.

जनगणना घ्या. २०११ च्या जनगणनेत माणसांची गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन भर. गावी घराला कुलूप. तेव्हा माणूस सापडेल तेथे मोजायचा. गणती करणारे गुरुजी उसाच्या फडातली कोपी शोधून काढतील तर ती माणसे कोल्हापुरात मोजली जातील, नाही तर कोठेच नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे पुढील जनगणनेची संदर्भ-तारीखही १ मार्च २०२७ हीच ठरली.

राष्ट्रीय नमुना पाहणी घ्या. २००७-०८ साली तिने अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचे ते ठरवले: जो वर्षातून किमान एक महिना, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिला तो. चांगल्या हंगामात सहा महिने बाहेर काढणारा तोडकरी या व्याख्येच्या दाराशीच अडतो. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत तर एक नामी युक्ती केली होती. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या आकड्यांवरून कामासाठी राज्याराज्यांत ये-जा करणाऱ्यांचा अंदाज काढला. तो वर्षाला ९० लाखांच्या घरात गेला. युक्ती खरोखरच हुशारीची. पण बीडचा कोयता ट्रॉलीत बसून येतो. त्याला तिकीट नसते. १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. पाटोद्याहून कागलला येणारा महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच येतो. त्याला त्याचा उपयोग नव्हता.

यात कोणाचा दुष्टावा नाही. प्रत्येक व्याख्या कोणीतरी सद्हेतूनेच केलेली आहे. पण जाळ्याची भोके ज्या मापाची असतील तेवढेच मासे हाती लागतात.

यंत्र दाराशी आले आहे

वाचक म्हणतील, हे सगळे संपणारच आहे. आता ऊसतोडणीची यंत्रे आली. खरे आहे. सरकार त्यांना अनुदानही देते. एक यंत्र दिवसाला साधारणपणे शंभर टन ऊस सहज तोडते. म्हणजे पन्नास कोयत्यांचे काम करते. लहान तुकड्यांची शेते, पावसाने झालेला चिखल आणि लोळलेला ऊस यांपुढे ते अजून अडते. तरी त्याचा प्रसार वाढतच जाणार. इतके कष्टाचे काम यंत्राने केले तर वाईट वाटण्याचे कारण नाही. गिरणीत दळायला लागल्यापासून जात्याची आठवण काढून कोणी बाई रडली नाही.

पण त्या वेळी या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहील. कोणी नुकसानभरपाई म्हणेल, कोणी नवे शिक्षण, कोणी गावात पाणी आणि काम. जे काही ठरेल ते यादी पाहून ठरेल. म्हणून यादीच आज नीट व्हायला हवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले आहे. टनामागे कारखान्यांकडून १० रुपये घेण्याची तरतूद त्यासाठी झाली आणि २०२१ पासून ग्रामपंचायतींमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे ठरले. योजना चांगली आहे. आता त्या नोंदणीत कोयते मोजायचे की माणसे, एवढाच प्रश्न आहे. पन्नास कोयत्यांची जागा एका यंत्राने घेतली, असे कागदावर लिहिले आणि भरपाई पन्नास जणांना दिली, तर उरलेल्या पन्नास बायका कोठे गेल्या, हे विचारायलाही पुरावा राहणार नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. नवऱ्याचे ओळखपत्र निराळे, बायकोचे निराळे. टनाच्या दराची वाटणी करून तिची मजुरी तिच्या खात्यात जमा. गाव सोडताना ग्रामसेवकाने सबंध कुटुंबाची नोंद करायची, मुलांच्या इयत्तांसकट, आणि कोपी पडेल तेथील शाळेला ती कळवायची. जनगणना फेब्रुवारीत असेल तर गुरुजींच्या हातातल्या नकाशात उसाचे फडही हवेत. यांतले एकही काम फार पैशाचे नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर पाच किलो ऊस कमी भरला तर शेतकरी भांडतो, आणि ते बरोबरच आहे. तेवढ्याच नेमकेपणाने माणूस मोजावा, इतकेच मागणे आहे.

आणि आपण शहरातल्या माणसांनी काय करायचे? साखर खाणे सोडा, असे मी म्हणणार नाही. मी स्वतःही ती सोडणार नाही. पण घरातील शाळकरी मुलांना व्यवहारी अपूर्णांक शिकवताना त्यांना हे एक उदाहरण अवश्य घालावे: एका कोयत्यात दोन मोठी माणसे आणि तीन मुले आहेत; तर पन्नास कोयत्यांत माणसे किती? मुले अडीचशे म्हणतील. मुकादमाच्या वहीत पन्नासच असतात. उरलेली दोनशे कोणत्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न मोठ्यांनी सोडवायचा आहे.